धुराड्याची खोली

मालकांनी पलंग ओढून पुन्हा खिडकीखाली आणला आणि कमरेवर हात ठेवून दम घेतला. या खोलीत उतरणारा प्रत्येक माणूस पलंग कोपऱ्यातल्या धुराड्याला नेऊन का चिकटवतो, हे कोडं त्यांना आजवर सुटलं नव्हतं. खिडकीतून जुन्या शहराच्या दरवाजाची कमान दिसते, घड्याळाचा मनोरा दिसतो आणि या लोकांची उशी मात्र काजळीच्या भोकाशी.

लॉजमधली ही सगळ्यात लहान खोली, स्वयंपाकघराच्या बरोबर डोक्यावर. खाली गॅस आल्यापासून धुराडं निकामी झालं होतं, पण भिंतीतलं त्याचं तोंड तसंच आ वासून राहिलं होतं. गल्लीत आता काचेच्या दारांची, लिफ्टची हॉटेलं झाली होती. मालकांच्या चांगल्या खोल्या रिकाम्या पडायच्या आणि पाहुणे नेमकी हीच मागायचे. चष्म्याच्या फ्रेमा विकत फिरणारा तो चष्मेवाला तर खोली रिकामी होईपर्यंत बॅग घेऊन जिन्यात बसून राहायचा.

स्वस्त आहे म्हणून मागतात, असं मालकांनी ठरवून टाकलं होतं. लॉज तरून आहे तो आपल्या गोष्टींवर, याबद्दल तर त्यांना तिळमात्र शंका नव्हती. रोज सकाळी पाहुणे ब्रेडला लोणी लावायला लागले की ते उंबऱ्याजवळ उभे राहायचे, घसा खाकरायचे आणि समोरच्या पायरीकडे बोट दाखवायचे. याच पायरीशी राजाचा घोडा अडला होता. का अडला? इथे ते चष्मा काढून पुसायचे. पाहुण्यांची अंडी गार व्हायची, पण मालकांचा चष्मा काही लवकर स्वच्छ व्हायचा नाही.

त्यांना एकच सल होता. ते बोलायला लागले की बायको बशा गोळा करून आत निघून जायची. "साऱ्या जगाला माझ्या गोष्टी आवडतात," ते पाहुण्यांना हसत हसत सांगायचे, "फक्त आमची ही ऐकत नाही." हसत सांगायचे खरे, पण ते मनाला लागलेलं होतं.

गोष्ट संपली की पिशवी घेऊन बाजारात जायचं, हा त्यांचा नेम. आज मात्र धुराडं बुजवायला गवंडी येणार होता, म्हणून ते वर आले होते. भोक बुजवावं, रंग द्यावा, खोली जरा माणसांत आणावी, असा बेत होता.

ते भोकात वाकून बघत होते, तेवढ्यात खालून कोणीतरी घसा खाकरला.

"तर मंडळी, हीच ती पायरी."

मालक दचकले. आवाज त्यांचाच होता. तोच नाकातला सूर, 'मंडळी'वर तोच जोर. मग थोडा वेळ काहीच नाही. चष्मा पुसण्याएवढा वेळ.

"घोडा का अडला? विचार करा. कारण पुढे यांचं भाषण चालू होतं, आणि संपल्याशिवाय कोणालाच जाऊ देत नाहीत."

खाली भांडं पडल्याचा आवाज झाला. पाठोपाठ मालकांच्या सख्ख्या बहिणीचं हसू. ती रोज सकाळी भावजयीला हाताखाली मदत करायला यायची.

"वहिनी, पुरे. पोट दुखायला लागलं माझं."

"थांबा हो वन्सं, अजून मनोरा राहिलाय."

मालकांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. म्हणजे लोक यासाठी येतात. यासाठी पलंग ओढतात. इतकी वर्षं आपण खाली इतिहास सांगतोय आणि वर आपलाच तमाशा चाललाय! खाली जाऊन दोघींना चार शब्द सुनवायचे म्हणून ते उठलेसुद्धा.

पण मनोरा सुरू झाला होता. मनोऱ्याचं घड्याळ बंद पडलं त्या वर्षाशी आल्यावर आपण हळूच उसासा टाकतो, हे मालकांनाही ठाऊक नव्हतं. तिनं तो उसासा अगदी जागच्या जागी टाकला. मधलं एक वाक्य ते अलीकडे विसरत असत. तेही तिनं घेतलं.

मालक पलंगावर बसले. ऐकल्याशिवाय हे असं जमत नाही. एकदा-दोनदा नव्हे, वर्षानुवर्षं, शब्द न् शब्द, भिंतीपलीकडे उभं राहून. त्यांना एकदम हसू आलं, आणि ते खाली ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी उशी तोंडावर दाबली. हसता हसता डोळे भरून आले. तेवढ्यात गवंडी घमेलं घेऊन दारात उभा राहिला.

"मालक, बरं नाही का?"

"झकास आहे. तू असं कर, न्हाणीघराच्या फरश्या बघ. हे राहू दे."

"काल तर म्हणालात, जीव गेला तरी आज बुजलंच पाहिजे."

"काल मला काय कळत होतं?"

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला मालक उंबऱ्यात उभे राहिले. घसा खाकरला, चष्मा पुसला. बायको बशा घेऊन आत गेली.

"घोडा का अडला? मंडळी, राजाला पुढची वाट ठाऊक नव्हती. वाट ठाऊक होती राणीला. आणि राजानं तिला कधी विचारलंच नव्हतं. घोड्याला मात्र ते कळलं होतं."

एवढं बोलून त्यांनी गोष्ट आवरती घेतली. पाहुण्यांना गरम अंडी खायला मिळाली.

मग मालक बाजारात गेले नाहीत. धुतलेली चादर हातात घेऊन वर गेले. चष्मेवाला कालच येऊन उतरला होता आणि आताही धुराड्याशी बसला होता. चोरी पकडल्यासारखा तो उठायला लागला, तर मालकांनी ओठांवर बोट ठेवलं. तो मुकाट्यानं सरकला. दोघं पलंगावर शेजारी शेजारी बसले.

खालून खाकरणं ऐकू आलं. मग घोडा आला, राजा आला. राणीपाशी मात्र आवाज थांबला. चष्मा पुसून झाला तरी थांबलेलाच.

"हे नवीन आहे, वन्सं," ती म्हणाली, स्वतःच्या आवाजात.

"मग? कर की नक्कल."

"यांची बाजाराची पिशवी अजून खुंटीलाच आहे," ती म्हणाली. मग धुराड्याच्या पत्र्यावर पळी दोनदा वाजली.

"अहो, खाली या. चहा निवतोय."

मालक चादर चष्मेवाल्याच्या मांडीवर टाकून जिना उतरले. स्वयंपाकघराच्या दाराशी क्षणभर घुटमळले. आत ते एरवी कधी बसायचे नाहीत. बहीण मोरीपाशी पाठमोरी उभी राहून घासलेलाच कप पुन्हा घासत होती. टेबलाजवळ आज आणखी एक खुर्ची मांडलेली होती.

"बसा," बायको कप पुढे सरकवत म्हणाली. तिनं हात पुसले आणि समोर बसली. "आणि घोडा पुढे कुठं गेला, ते सांगा."