आईचे वीस गुंठे

आमच्या नानांनी आम्हा दोघा भावंडांना पैसा शिकवला तो पालेभाजीच्या वाफ्यात. नाना म्हणजे माझे वडील, मोतीराम. मखमलाबादला आमचा मळा होता. मूल दहा वर्षांचं झालं की पाडव्याला नाना त्याच्या नावाने एक वाफा काढून देत. शेजारचे लोक मुलांना सायकली घेऊन देत, आमचे नाना जमीन देत, तीही एका वर्षाच्या बोलीवर. मेथीचं बी मोजून मिळे, ते उधार. विहिरीच्या पाण्याचे पैसे वेगळे. भाजी विकली की आधी बियाण्याचे पैसे नानांच्या हातावर ठेवायचे, मग पाण्याचे, आणि उरेल त्यात वह्या, पेनं, जत्रेतल्या बांगड्या असं सगळं आपलं आपण भागवायचं. पैसे आधीच उडवून बसलं तर नाना रागवत नसत. "आता काय करशील?" एवढंच विचारत आणि उत्तराची वाट बघत समोर बसून राहत. त्यापेक्षा दोन फटके परवडले असते.

आई म्हणजे नवसाबाई, त्यांच्यावर कडी. घरात भाजी लागली की ती माझ्याच वाफ्यावर येऊन माझ्याशीच घासाघीस करायची. जुडी एवढीशीच कशी, बाजारात मोठी मिळते, असं म्हणून खरोखर चार आणे कमी द्यायची. मी रडकुंडीला यायची. बुधवारी मात्र ती मला गंगेवरच्या, म्हणजे आमच्या नदीकाठच्या बाजारात आपल्या शेजारी बसवून घ्यायची आणि गिऱ्हाईक कसं ओळखायचं ते शिकवायची. लवकर येणारं गिऱ्हाईक निवडून घेतं, त्याला पुरता भाव सांगायचा. दिवेलागणीला येणाऱ्याला उरलंसुरलं द्यायचं, पण हसून द्यायचं. पाटी रिकामी झाली की ती मला घाटाच्या पायरीवर भेळ खाऊ घालायची, तिच्या पैशांनी. ती भेळ, ते थंड दगड आणि आईच्या हाताला येणारा कोथिंबिरीचा वास, हे सगळं मला अजून हवं असतं.

एका वर्षी गारा पडल्या आणि माझ्या धाकट्या भावाच्या, महेशच्या वाफ्याची पार चाळण झाली. नानांनी बियाण्याचा एक पैसा सोडला नाही, पुढच्या पिकातून दे म्हणाले. महेश दिवसभर विहिरीच्या कडेला तोंड फिरवून बसला. आईने मग ती फाटकी मेथी त्याच्याकडून पुऱ्या बाजारभावाने विकत घेतली आणि आम्ही सगळ्यांनी ती आठवडाभर खाल्ली. नानांना सगळं कळत होतं. तेही मुकाट्याने तीच भाजी भाकरीला लावून खात राहिले.

आता मी सिडकोत राहते. एका पतसंस्थेत बरीच वर्षं नोकरी केली आणि ती सुटल्यावर दर रविवारी दुपारी समाजमंदिरात बायकांना पैशाचं शिकवायला लागले. कंपनीत जाणाऱ्या असतात, पोळ्यांची कामं करणाऱ्या असतात, फुलं विकणाऱ्या असतात. पगार आला की बचत आधी बाजूला काढा, उरेल त्यात घर चालवा. सोनं तारण ठेवताना व्याज विचारा. प्रेमापोटी कुणाला जामीन राहू नका. आणि वाचल्याशिवाय कुठेही सही करू नका. माझी उदाहरणं सगळी मेथीची असतात, त्यामुळे बायका मला मेथीवाल्या ताई म्हणतात. मला ते आवडतं.

आई जाऊन काही वर्षं झाली. मळ्यातले वीस गुंठे तिच्या नावावर होते, तिने भाजीच्या पैशांवर घेतलेले. ती गेल्यावर त्या सातबाऱ्यावर नाना, महेश आणि मी अशी तीन नावं लागली. यंदा एका बिल्डरने त्या जमिनीला चांगला भाव सांगितला. महेशचा फोन आला, की दसरा झाला की हक्कसोड पत्र करून टाकू. म्हणजे मी माझा वाटा त्याला लिहून द्यायचा. आमच्याकडे बहुतेक बहिणी देतात. भाऊ साडी-चोळी करतो, जेवू घालतो आणि माहेर चालू राहतं. जी वाटा मागते, तिला पुढे माहेरचं लग्नसुद्धा शेजाऱ्यांकडून कळतं. मी लगेच हो म्हणाले. आई नसलेलं का होईना, मला माहेर हवं होतं.

नेमकं त्यानंतरच्या रविवारी वर्गातली तेजस्विनी उठली. वर्षापूर्वी लग्न झालेली, अंबडला कंपनीत जाणारी पोरगी. तिचे भाऊ तिला अशाच सहीसाठी बोलावत होते. काय करू म्हणाली. मी ऐटीत सांगितलं, आधी कागद वाच, वाट्याची किंमत काढ. द्यायचा असेल तर खुशाल दे, पण किती देते आहेस ते कळून दे. तिने सरळ विचारलं, की ताई, तुम्ही काय केलं? मी म्हणाले, माझं जरा वेगळं आहे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. घरी आले ती स्वतःवरच चिडून, आणि पहिल्यांदा त्या वीस गुंठ्यांतला माझा तिसरा हिस्सा काढला. आकडा बघून आधी ग्लासभर पाणी प्यायले.

ठरल्या दिवशी नोंदणी कार्यालयात गेलो. महेशची बायको योगिनी सगळ्यांचा डबा घेऊन आली होती, त्यात माझ्या आवडीची वांग्याची भाजी होती. नाना बाकावर काठी धरून बसले होते. मी कागद वाचायला लागले तसा महेश हसला, आपल्या घरच्या कागदात काय वाचायचं म्हणाला. मी "स्वखुशीने व कोणताही मोबदला न घेता" इथपर्यंत आले आणि पेन खाली ठेवलं. मग शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं, की नानांचा वाटा ते तुला देतील, तो त्यांचा प्रश्न. माझा वाटा मला हवा.

महेशचा चेहरा उतरला. तो जे बोलला त्यात खोटं काही नव्हतं. मळा त्याने राखला, नानांचं आजारपण त्याने काढलं, तेव्हा मी पाहुण्यासारखी येऊन गेले. मी म्हणाले, आजारपणाचा अर्धा खर्च माझ्या हिश्शातून वळता कर. योगिनी डब्याची पिशवी मांडीवर घेऊन खाली बघत होती. तेव्हा नाना बोलले.

"रूपे, तुझ्या लग्नाला खर्च झाला व्हता की."

महेशचं मी समजू शकत होते. नानांचं बोलणं मात्र जिव्हारी लागलं. वाटलं, उठून निघून जावं.

"तो खर्च होता, नाना. वाटा नव्हता," मी म्हणाले. "बियाण्याचे पैसे तुम्ही मला कधी नफ्यात धरू दिले नाहीत."

नानांनी काठीच्या मुठीवर हनुवटी टेकवली. महेश म्हणाला, तुम्हीच सांगा हिला.

"काय सांगू?" नाना म्हणाले. "जमीन माझी असती तर सांगितलं असतं. ही तुमच्या मायची हाय. तिनं या पोरीकडून मेथीची जुडी बी कधी फुकट घेतली नाय."

सही झाली नाही. डबा तसाच न उघडता परत गेला आणि मी रिक्षाने घरी आले.

त्यानंतर महेशचा फोन आला नाही. मीही केला नाही, आमचं घराणं ताठ आहे. दिवाळीचा फराळ केला, पण चकल्या तळताना दोनदा वाटलं, फोन करून सांगावं की येते आणि करते सही, घाल चुलीत तो वाटा. नवरा म्हणाला, तू बरोबर आहेस. बरोबर असण्याचं काय लोणचं घालायचं होतं? लहानपणी भाऊबीजेला महेश ओवाळून घ्यायला चड्डीचा नाडा सावरत पाटावर बसायचा, तेवढंच सारखं आठवत होतं.

भाऊबीजेला मी ताट लावलं. दुपार टळली. मुलगी आरोही खिडकीशी बसून होती, ती म्हणाली, मामाची गाडी आली. महेश एकटाच आला. बूट काढले, पाटावर बसला. मी कुंकू लावलं, ओवाळलं. त्याने खिशातून एक चेक काढून ताटात ठेवला. म्हणाला, बिल्डरने विसार दिला, त्यातला तुझा तिसरा हिस्सा. बाकीचे येतील तसे देईन.

मी तो चेक ताटातून उचलून बाजूला टेबलावर ठेवला.

"हा माझा वाटा," मी म्हणाले. "ओवाळणी वेगळी टाक."

त्याने वर बघितलं. शर्टाचा खिसा चाचपला, पँटचे दोन्ही खिसे चाचपले. हल्ली रोख पैसे कोण बाळगतं? फोनवर पाठवू का म्हणाला. मी नुसती ताट धरून उभी राहिले. आरोही तोंडावर हात ठेवून हसत होती.

"ताई, शंभर रुपये उसने दे," तो म्हणाला.

मी आरोहीला माझी पर्स आणायला लावली. त्याने नोट घेतली, कपाळाला लावली आणि ताटात ठेवली.

"परत कधी देशील?"

"पुढच्या भाऊबीजेला," महेश म्हणाला.