पिंपाचा जोड

"अमर, पीस दिसते काय रे?" जगदेवने विचारलं.

कामरगावच्या कापसाच्या जिनातल्या शेडमध्ये, त्याच्या हातातल्या वेल्डिंगच्या नळीच्या टोकाशी ज्योत फुसफुसत होती. कार्बाइडचा गॅस जास्त झाला की ज्योतीत एक पांढुरकं पीस दिसतं. ऑक्सिजन वाढवून ते घालवायचं, मगच स्टेनलेसला हात लावायचा. नाहीतर पोलादात काजळी शिरते आणि न गंजणारं पोलादही गंजतं. अमरसिंगला हे जगदेवनेच शिकवलं होतं. पण बावीस वर्षं ज्योतीकडे पाहून जगदेवचे डोळे कामातून गेले होते. ते फक्त अमरसिंगला ठाऊक होतं. मॅनेजर दौलतरावांना कळलं असतं, तर जगदेवच्या हातातली नळी त्याच दिवशी गेली असती.

आणि आज तर दौलतरावांचं मुंबईहून आणलेलं स्टेनलेसचं पाण्याचं पिंप समोर होतं. सेहेचाळीस साली असलं भांडं पंचक्रोशीत दुसरं नव्हतं. त्याचा बुडाचा जोड उकलला होता.

अमरसिंगला ते पीस बोटभर लांब दिसत होतं.

"नाही उस्ताद. बराबर हाये."

उस्ताद म्हणाला! ही गोष्ट सांगताना या एका शब्दासाठी मला अमरसिंगची सगळ्यात जास्त चीड येते.

पिंप जोडलं गेलं, चकाकलं. दौलतरावांनी जगदेवची पाठ थोपटली. दहाव्या दिवशी बुडाशी तांबूस रेघ उमटली.

दौलतरावांनी सगळ्या मजुरांना गोळा केलं. "न गंजणारं पोलाद गंजवलं यानं! काहून रे, आंधळा हायेस काय?"

अमरचं नाव घ्यावं तर डोळ्यांची गोष्ट निघणार. जगदेवने मान खाली घातली. "चुकलो, साहेब."

तेव्हा अमरसिंगच पुढे झाला. "त्यायच्या डोयाले दिसत नाही, साहेब. म्या तं तवाच सांगतलं होतं, पीस हाये म्हणून."

जगदेव नुसता त्याच्याकडे वळला.

"काढत नाही तुले," दौलतराव हसत म्हणाले. "फाटकापाशी बस, अन् याच पिंपातून सगळ्यायले पाणी पाज. पाहू दे लोकायले."

तेव्हापासून जगदेव रोज सकाळी राखेने तो जोड घासायचा. कितीही घासला तरी तो बोटाला खरखरीतच लागायचा.

एका दुपारी अमरसिंग आला. ज्योतीपुढे घालायचा जगदेवचा काळा चष्मा आता त्याच्या कपाळावर होता. त्याने पेला पुढे केला.

"अमर, गंज दिसते काय रे?"

"नाही उस्ताद. चकाकून राह्यलं."

जगदेवचं बोट त्या वेळी जोडावरच होतं.

"बरं," तो म्हणाला, आणि पेला चाचपून काठोकाठ भरून दिला.