बादली पेलणारी माळ

बाबा निवृत्त झाले आणि घराला तडे गेले. म्हणजे तडे आधीपासून होतेच, पण त्यांच्याभोवती खडूने गोल काढून शेजारी तारीख लिहिणारं कुणी नव्हतं.

बाबांनी आयुष्यभर पूल तपासले. पुलाखाली उभं राहायचं, वर बघायचं, हातोडीने ठोकायचं, तडा दिसला की गोल. नोकरी संपली तरी हात थांबेना. भिंती झाल्या, फरश्या झाल्या, कपबश्या झाल्या. एकदा भेटायला आलेल्या आत्याच्या टाचेकडे ते बराच वेळ बघत बसले. खडू खिशात होता. आत्याने पाय वर घेऊन चहा संपवला आणि रिक्षा मिळणार नाही असं सांगून लवकर निघाली. ती समोरच्याच इमारतीत राहते.

त्याच आठवड्यात आईने मण्यांचा डबा आणला.

"हे घ्या. मणी आहेत, तार आहे, पकड आहे, हुक आहेत. माळा ओवा. हात गुंतलेले राहतील."

"मी?" बाबा म्हणाले. "माळा?"

"नाहीतर तो खडू इकडे द्या."

बाबांनी डबा घेतला.

पहिल्या दिवशी त्यांनी दुपारभर मणी ओवले. तारेच्या दुसऱ्या टोकाला गाठ नव्हती, चिमटा नव्हता, काहीच नव्हतं. त्यामुळे मणी एकीकडून चढत होते आणि दुसरीकडून मांडीवर उतरत होते. वाहतूक सुरळीत होती. मी समोरच बसलो होतो, पण बोललो नाही. इतकी शांत दुपार आमच्याकडे बऱ्याच दिवसांत आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी टोकाला कपडे वाळत घालायचा चिमटा लागला. मणी टेबलावरून घरंगळतात म्हणून खाली टॉवेल अंथरला गेला. टॉवेल माझा होता. मग प्रत्येक रंगाला एक वाटी आली, वाट्यांना जागा हवी म्हणून जेवणाच्या टेबलावरून ताटं गेली, आणि आम्ही ओट्याशी उभे राहून जेवायला लागलो. बाबा टेबलाला 'कामाची जागा' म्हणायचे. आई काय म्हणायची ते लिहिण्यासारखं नाही.

"माळ म्हणजे काय?" त्यांनी एकदा मला विचारलं.

"गळ्यात घालायचा दागिना."

"चूक. माळ म्हणजे झुलता पूल. खाली भार, वर आधार. आधार म्हणजे तुझी मान. आता भार किती धरायचा?"

"मण्यांचा जेवढा असेल तेवढा."

"आणि कुणी लोंबकळलं तर?"

माळेला कोण लोंबकळणार, असं मी विचारलं. बाबांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. पुलावरून काय काय जातं हे त्यांनी बघितलेलं होतं.

तेव्हापासून माळेला तार दुहेरी झाली, मग चौपदरी. तारेच्या टोकाशी एक धातूचा बारीक मणी पकडीने दाबून चपटा करायचा असतो, म्हणजे तार सुटत नाही. लोक एक दाबतात. बाबा ओळीने पाच दाबत. तयार झालेली माळ दाराच्या वरच्या खिळ्याला अडकवायची आणि तिला पाण्याने भरलेली बादली टांगायची. माळ टिकली तर पास.

"अहो, बादली कुठाय?" आई न्हाणीघरातून ओरडायची.

"चाचणी चालू आहे!"

खरं सांगायचं तर माळा फार देखण्या होत्या. एक धुरकट निळी होती, मधला मणी जांभळाएवढा आणि दोन्ही बाजूंना हळूहळू लहान होत गेलेले, अधूनमधून एखादा दुधी. बाबांना रंग कळतात हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. त्यांचे सगळे पूल राखाडी होते.

पण घालायचं कुणी? ज्याला माळ दाखवावी त्याला आधी ताण, भार आणि बादली यांवर व्याख्यान ऐकावं लागे. शेजारच्या काकू ऐकता ऐकता दोनदा घड्याळ बघून तिसऱ्यांदा घरी गेल्या. शेवटी माझी मान उरली. मी घरून काम करतो, म्हणजे माझी मान दिवसभर रिकामी असते, असं बाबांचं मत. मीटिंगमध्ये साहेबांनी स्क्रीनवर बघून विचारलं, "हे गळ्यात काय?"

"चाचणी चालू आहे."

त्यांनी पुढे विचारलं नाही. आमच्या ऑफिसात सगळंच चाचणीत असतं.

मग एका सोमवारी आईने ताट ओट्यावर आपटलं.

"पाय दुखले माझे. हा आठवडा देते. घराबाहेरच्या एका माणसाने आपणहून माळ मागितली तर टेबल तुमचं. नातेवाईक चालणार नाही. भिडेखातर चालणार नाही. आणि तुम्ही व्याख्यान देऊन दमवलेला माणूस तर मुळीच चालणार नाही. शनिवारपर्यंत कुणी मागितली नाही, तर डबा पलंगाखाली."

बाबांनी निळ्या मण्यांच्या वाटीवर बशी झाकली आणि परत काढली. गेले दोन महिने ते सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसत होते. भिंतीवर एकही नवा गोल नव्हता. डबा पलंगाखाली गेला की ते पुन्हा आमच्या बशा ठोकत फिरणार, हे मला दिसत होतं. आईलाही दिसत असावं, पण तिला बसून जेवायची खुर्चीही दिसत होती.

तळमजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आहे. त्या जिन्यात आईला म्हणाल्या होत्या, काकांच्या माळा बघायला येईन एकदा.

"झालं की मग!" बाबा म्हणाले.

"बघायला येईन म्हणाली. मागितली नाही."

बुधवारी दुपारी बेल वाजली. मी निळी माळ घालून होतो, कारण बाबांच्या मते नवी माळ गळ्यावर 'बसावी' लागते. दारातल्या चपला बाजूला करायला मी वाकलो, आणि उठताना माळ दाराच्या मुठीत अडकली. मी मागे ओढलं. दार हललं नाही. माळ हलली नाही. हलण्यासारखा मी एकटाच होतो, पण मलाही हलता येईना.

"बाबा, अडकलो."

बाबा धावत आले, गुडघ्यांवर बसले आणि माळेकडे खालून बघायला लागले. चेहरा उजळला.

"पूर्ण ताण आहे! आणि एक चपटा मणी हललेला नाही!"

"हुक काढा ना."

"ताणाखाली हुक निघत नाही. तसाच बनवलाय."

"अहो, पोराची मान निघेल!" आई म्हणाली आणि तिने मला कमरेला धरून मागे ओढलं. त्यामुळे ताण वाढला आणि बाबा आणखी खूश झाले.

बेल पुन्हा वाजली. आमचं दार आत उघडतं. मी त्याच्याबरोबर वाकूनच मागे सरकत ते उघडलं. डॉक्टरीणबाईंना मुठीच्या उंचीवर माझं डोकं दिसलं.

"या," मी म्हटलं.

"दाढ का रे?"

"नाही. मान."

त्यांनी पर्स खाली ठेवली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मला दाराच्या दिशेने ढकललं. माळ सैल पडली, त्यांनी ती मुठीवरून उचलली. एवढंच होतं. मी आणि आई मागे ओढत होतो, बाबा ताण बघत होते, पुढे ढकलायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

मग त्यांनी माळ हातात घेऊन खिडकीपाशी नेली. निळे मणी उजेडात फिरवून बघितले.

"काका, किती सुंदर आहे हो."

बाबांनी तोंड उघडलं. आई खोकली. बाबांनी तोंड मिटलं.

"पण मला नाही घालता येणार," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे लहान मुलं येतात. खुर्चीत बसली की हाताला लागेल ते धरतात. आतापर्यंत कितीतरी माळा तुटल्या, अजून कपाटाखाली मणी सापडतात. ही तुटायची नाही, खरंय. पण मग पोराबरोबर मीच खुर्चीत जाईन. मला तुटणारी हवी, काका. फक्त मणी सांडायला नकोत."

त्या चहा न घेता गेल्या, खाली कुणीतरी आ करून बसलं होतं.

बाबा टेबलाशी बसले. "तुटणारी हवी," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "तुटणारी." कुणीतरी त्यांना मधेच संपणारा पूल बांधायला सांगितल्यासारखे ते भिंतीकडे बघत होते. मला वाटलं, आता खडू निघणार. पण त्यांनी कात्री घेतली आणि ज्या माळेने बादली पेलली होती, माझी मान पेलली होती, तिची चौपदरी तार स्वतःच्या हाताने कापली. कापताना डोळे मिटले होते. त्यामुळे टॉवेललाही भोक पडलं.

गुरुवारी मी चुंबकाचे हुक आणून दिले. दोन बारीक तुकडे एकमेकांना चिकटतात, ओढलं की सुटतात. आता मणी एकेरी तारेवर होते, दोन्ही टोकांना पक्के दाबलेले, आणि फक्त मानेमागचं ते एक ठिकाण सुटणारं. पण किती ओढलं की सुटावं? पहिली माळ मी शिंकलो आणि पडली. दुसरी वळून बघितलं की पडायची. बाबांनी मोठं चुंबक लावलं, तेव्हा मी चमच्यांच्या खणाजवळून जाईना.

"लहान मुलासारखं ओढ," ते मला म्हणाले.

मी ओढली.

"रडत ओढ."

मी रडत ओढली. आई आतून आली. "बाजूला हो, मी ओढते," म्हणाली आणि तिने दोन महिने ओट्याशी उभं राहिल्याचा सगळा राग काढून हिसका दिला. टक् आवाज झाला. माळ अख्खी तिच्या मुठीत, मणी सगळे जागेवर. बाबांच्या तोंडून 'अरेरे' निघालं, मग त्यांनी ते गिळलं आणि "छान तुटली" म्हणाले. हे दोन शब्द त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच एकत्र वापरले होते.

शुक्रवारी ती माळ खाली गेली. "घालून बघा म्हणून दिली," बाबा म्हणाले.

"दिली. मागितली नाही," आई म्हणाली. "उद्या शनिवार."

शनिवारी सकाळी बाबांची दाढ दुखायला लागली.

"कुठली?" आईने विचारलं.

बाबांनी डावीकडे बोट दाखवलं, मग उजवीकडे.

"जा. पण हा बरोबर येईल. माळेबद्दल एक शब्द जरी काढलात तर दाढेबरोबर डबाही जाईल."

डॉक्टरीणबाईंनी माळ घातली होती. बाबा खुर्चीत आडवे झाले, वर पाहिलं, आणि त्यांना ती खालून दिसली. इतके समाधानी पेशंट त्या खुर्चीने पाहिले नसतील. बाईंनी आरसा तोंडात घातला.

"बरं झालं आलात काका. इथे खरंच कीड आहे."

बाबांचं समाधान तिथेच संपलं. बधिर करायची सुई गेली, कापूस गेला, नळी गेली, मशीन सुरू झालं. बाबांनी हाताला लागेल ते धरलं आणि ओढलं.

टक्.

माळ त्यांच्या मुठीत होती. बाईंनी मशीन थांबवलं, खाली फरशीकडे बघितलं, मुठीकडे बघितलं. मग माळ सोडवून घेतली आणि मानेमागे एका हाताने परत लावली.

"एकही मणी नाही सांडला! काका, ही तर मी परत देणार नाही. आणि अशीच लाल एक हवी, माझ्या बहिणीसाठी. किती दिवसांत होईल?"

"आँ," बाबा म्हणाले.

घरी आल्यावर आईने बाबांना बाजूला बसवून माझी उलटतपासणी घेतली.

"आपणहून मागितली?"

"आपणहून."

"यांनी काही सुचवलं? खूण? भुवया?"

"भुवया वर होत्या, पण त्या मशीनमुळे."

"आणि बोलले काय?"

"तोंडात कापूस होता, नळी होती आणि बाईंचा हात होता."

आईने बाबांकडे बघितलं. अर्धा ओठ बधिर, हसू एकाच बाजूला.

"मग खरंच आवडली असणार तिला," ती म्हणाली. "ठीक आहे. टेबल तुमचं."

बाबांना यावर बरंच बोलायचं होतं, पण ओठ साथ देईना. त्यांनी लाल मण्यांची वाटी पुढे ओढली. आई ओट्याशी गेली, त्यांच्यासाठी मऊ भात वाढून घेऊन आली. टेबलावर ताट ठेवायला बोटभरही जागा नव्हती. ती ते हातात धरूनच त्यांच्या मागे उभी राहिली. बाबा मणी लावून बघत होते, लहान, लहान, मोठा.

"मधला थोडा अजून मोठा घ्या," आई म्हणाली.