दहा सोडून

आमच्या घरात कुठलंही माप दहापासून सुरू होतं. बाबांच्या स्टीलच्या टेपचं तोंड फार पूर्वी एका खांबावर तुटलं, तेव्हा त्यांनी पुढचे दहा सेंटिमीटर पकडीने कापून टाकले आणि टेप पुन्हा खिशात घातला. तेव्हापासून नियम ठरला. टेपवर दिसेल तो आकडा बाबा मोठ्याने सांगणार, लिहिणारा तो तसाच लिहिणार, आणि जो कापेल त्याने दहा सोडून कापायचं. मी बारा वर्षांची असल्यापासून कापते आहे. आता माझी स्वतःची शेड आहे, घराला लागूनच. गेट करते, ग्रिल करते, भिंतीवर तीन नवे टेप लटकतात. पण बाबा शेडमध्ये आले की त्या तिघांकडे असं बघतात की मीच ओशाळते आणि त्यांचा तो थोटा टेप हातात घेते.

त्या आठवड्यात माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. एका दवाखान्याच्या जिन्याच्या रेलिंगचं काम अर्धवट पडलं होतं, आणि त्यात आईने तंबू आणला. गाडीच्या टपावर बसतो, उघडला की खोली होते, शिडी लावून आत शिरायचं, असला तंबू. आई शिवणकाम करते. तिच्याकडे कपडे शिवून घेणाऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी वापरून काढलेला. वजन साठ किलो.

"तुझ्या जुन्या पिकअपच्या हौद्यावर याला एक रॅक कर," ती म्हणाली, जणू बटण लावून मागत होती. "शनिवारी निघायचंय."

"कोण कोण?"

"मी. तुझे बाबा आले तर तेही."

ते 'आले तर' मला खटकलं. बाबा वायरमन होते, एकतीस वर्षं. आईने बॅग भरली की कुठेतरी तार तुटायची, फोन वाजायचा, बाबा पक्कड घेऊन निघायचे आणि आई न बोलता बॅग रिकामी करायची. निवृत्त झाल्यावर फोन थांबले, पण बाबा काही निघाले नाहीत. अठ्ठावन्नाव्या वर्षी आई गाडी चालवायला शिकली तेव्हा मला गंमत वाटली होती. आता वाटत नव्हती.

"आयुष्यभर पोटासाठी चढलो," बाबा म्हणाले. "आता झोपायलाही चढू? तू जाऊन ये."

ती जाऊनही आली असती, हीच तर माझी भीती होती. एकदा एकटी गेली की तिला एकटीने जायची सवय लागणार, त्यांना एकट्याने राहायची, आणि मग दोघं एकाच घरात भाडेकरूंसारखी वावरणार. मला नुसतं बसवेना. रात्रीचं जेवणही मी उभ्यानेच उरकायला लागले.

खरं कारण होतं बाबांचा डावा गुडघा, आणि त्याबद्दल घरात बोलायची सोय नव्हती. जिना चढताना बाबा मध्येच थांबून कठडा तपासतात, जणू वेल्डिंगला तडा गेलाय. कठडा मी केलाय. त्याला काहीही झालेलं नाही.

मंगळवारी सकाळी आई बाबांच्या पॅन्टचं माप घेत होती. गळ्यात तिचा कापडी टेप, शेजारी वही.

"पाय जरा स्टुलावर ठेवा," ती म्हणाली. बाबांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

"बरं, मग त्या खोक्यावर ठेवा." खोक्यावर ठेवला.

"पॅन्ट उभं राहून मोजतात ना?"

"प्रवासाची आहे. गुडघ्यात ताणायला नको."

"मी कुठे प्रवासाला निघालोय?"

"नका निघू. पॅन्ट तर होऊ द्या."

मी दारात उभी राहून चुळबुळत होते. मला पाइप कापायचे होते आणि इथे पॅन्टची मापं चालली होती.

मग एकदाचे सगळे शेडमध्ये आलो. न जाणाऱ्या माणसाला रॅक कसा हवा याबद्दल मतं भारी होती. उंची केबिनच्या छताबरोबर हवी, वारा वरून निघून गेला पाहिजे, चार खांब, कोपऱ्यांत तिरके आधार. बाबांनी हौद्याच्या काठावर टेप धरला, छताच्या रेषेपर्यंत नेला आणि ओरडले, "पासष्ट!" आईने कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं. लांबी, रुंदी, आधार, सगळं बाबा ओरडत गेले आणि आई लिहीत गेली. त्यांची पाठ वळताच मी तो कागद ओढला, दहा-दहा सोडले आणि कटर चालू केला. काम हातात आलं की माझा जीव थोडा थाऱ्यावर येतो.

गुरुवारी दुपारी चारही खांब हौद्यावर बोल्टने बसवले, वरची चौकट टाकली, गुण्या लावला. काटकोन चोख. दोन पावलं मागे सरून बघते तर रॅक छताच्या चांगला खाली. मोजलं. बरोबर दहा.

"मी पासष्ट म्हणालो होतो," बाबा खुर्चीतून म्हणाले.

मी कागद काढला. खांबांच्या पुढे आईच्या गोल अक्षरात होतं, पंचावन्न. बाकीचे आकडे जसेच्या तसे, हा एवढाच बदललेला.

"आई! लिहिणाऱ्याने सोडायचे नसतात! तू दहा सोडलेस, वर मीही सोडले!"

"हो का?" आई म्हणाली. "झालं असेल माझ्या हातून."

झालं असेल! लोकांच्या बाह्या नुसत्या नजरेने मापणारी बाई ही. माझा पारा चढला, तोंडाला येईल ते बोलले. रेलिंग सोडून हे करत बसलेय, तुम्हा दोघांना काय, वगैरे वगैरे. बाबा उठून रॅकभोवती एक फेरी मारून आले. "काढ," म्हणाले. "चुकीचं काम मी गाडीवर ठेवू देणार नाही." आणि चहा टाकायला म्हणून आत गेले.

नव्या खुणा करायला खडू सापडेना, म्हणून मी आईच्या मशीनवरचा घ्यायला गेले. तिथे तिची वही उघडी होती, बाबांच्या पानावर. कंबर, लांबी, मांडी, आणि सगळ्यात खाली: 'पाऊल उचलतं – ३१.' त्याखाली: 'शिडीची शेवटची पायरी ते तंबू – ४०.' चाळीसवर काट मारून पुढे तीस लिहिलं होतं.

मी वही घेऊन शेडमध्ये परतले.

"मुद्दाम केलंस."

"हळू बोल," आई म्हणाली.

"मला सांगायचं ना! मी सरळ कमी उंचीचाच केला असता."

"तुला सांगितलं असतं तर तू भांडणात बोलून गेली असतीस. आणि त्यांना कळलं असतं तर त्यांनी चाळीसच करायला लावून एकदा चढून दाखवलं असतं, आठवडाभर गुडघा शेकत पडले असते, आणि आले नसतेच." तिने चौकटीवरचा लोखंडाचा कीस बोटाने पुसला. "मला एकटीला नाही गं जायचं. एकटीने वाट बघून झालीये माझी."

मला तिची माफी मागायची होती, आणि तेवढ्यात बाबा आले.

"काढलास?"

"नाही," मी म्हणाले. "आईच्या कागदाचं काही नाही, कापणाऱ्याने बघून कापायचं असतं. चूक माझी आहे. आणि उरलेला पाइप रेलिंगला लागणार आहे. आता शनिवारपर्यंत दुसरा होणार नाही."

"तुझी चूक?" बाबा म्हणाले.

"हो."

"ठिणगी," ते म्हणाले. लहानपणापासून मला तेच म्हणतात. "तू चूक कबूल केलेली मला आठवत नाही." मग रॅकला एक हिसका दिला. "बघू तरी, मजबूत आहे का."

साखळीच्या पुलीने आम्ही तंबू वर चढवला, बोल्ट आवळले, उघडला, शिडी ओढून लावली. बाबांनी ती खांब हलवून बघावा तशी हलवली आणि चढायला लागले. आईने शिडी धरली. ती त्यांच्याकडे बघतच नव्हती, माझ्या वेल्डिंगच्या टाक्यांवर नजर लावून होती. शेवटच्या पायरीवर बाबा थांबले. तिथे तपासायला कठडा नव्हता. डावा पाय उचलला गेला, काठाला घासला, आणि आत पडला.

तंबू हलला. ते चारही कोपऱ्यांत जाऊन जोर लावून बघत होते. मग सगळं शांत झालं.

"टाके बरे घातलेस," आतून आवाज आला. आणि जरा वेळाने, "इथे एकच उशी दिसतेय."

"तुम्ही येणार नव्हतात ना," आई म्हणाली.

"म्हणून काय एकाच उशीवर दोघांनी झोपायचं?"

मी पाठ फिरवली आणि ग्राइंडर उगाचच चालू केला. चष्मा घातला की डोळे कोणाला दिसत नाहीत.

शनिवारी सकाळी आई गाडी सुरू करून बसली होती. बाबा नवी पॅन्ट घालून शेजारी. मी बोल्ट तिसऱ्यांदा तपासत होते, तेव्हा त्यांनी मला खिडकीशी बोलावलं आणि तो थोटा टेप माझ्या हातात ठेवला.

"सांभाळ. आणि लक्षात ठेव, दहा एकदाच सोडायचे असतात." त्यांनी आवाज खाली आणला. "दुसऱ्यांदा सोडायला तुझी आई लागते."

"काय म्हणालात?" आईने गिअर टाकत विचारलं.

"काही नाही," बाबा म्हणाले. "चल."