समितीची सायकल

सायकल निवडायला समिती नेमली आणि तिच्यात सायकल चालवणारं एकही माणूस घेतलं नाही, यात कचेरीतल्या कुणालाच काही वावगं वाटलं नाही. चालवणार होती मोजपट्टी. तिला बैठकीत कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं होतं आणि गप्प बसायला सांगितलं नव्हतं, एवढंच.

मोजपट्टी हे नाव तिला स्टोअरवाल्यांनी ठेवलं होतं. नोकरीवर रुजू झाल्या झाल्या तिने भिंतीवरचं थर्मामीटर दोन अंश जास्त दाखवतं हे सगळ्यांना सांगून टाकलं होतं, कुणी विचारलेलं नसताना. भौतिकशास्त्राची पदवी ताजी होती आणि जीभ त्याहून ताजी. आई म्हणायची, "तुला माणूस दिसत नाही, त्याची चूक दिसते." यावर मोजपट्टीचं म्हणणं असं, की चूक आकाराने मोठी असेल तर आधी तीच दिसणार.

कचेरीचं काम डोंगरावर लक्ष ठेवण्याचं. गावामागच्या उतारावर भेगा पडल्या होत्या. प्रत्येक भेगेच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक अशा लोखंडी खुंट्या ठोकल्या होत्या. खुंट्यांमधलं अंतर वाढलं, की डोंगर सरकला. दर आठवड्याला जाऊन हे अंतर मोजणं म्हणजे मोजपट्टीची फेरी. पायी जायचं तर खालच्या खुंट्या होईतो दिवस कलायचा, आणि ज्यांची खरी काळजी करायला हवी त्या वरच्या खुंट्या राहून जायच्या. साहेबांनी सांगून टाकलं होतं: एक तर सायकल घेऊन सगळी फेरी एका दिवसात करा, नाही तर फेरी बंद. जीपमधून रस्त्यावरूनच दुर्बिणीने बघू. मिलिमीटरची वाढ दुर्बिणीने! आणि फेरी बंद झाली की मोजपट्टीने तळघरात बसून जुने नकाशे स्कॅन करायचे. तळघराला एकच खिडकी होती आणि तीही जिन्याखाली उघडायची.

"घ्यायची तर मोठीच घ्यावी," साहेब म्हणाले. त्यांच्यासमोर एक छापील पान होतं आणि त्यावर उंच उडी मारलेल्या एका माणसाचं चित्र. "ट्रॅव्हल एकशेऐंशी मिलिमीटर. म्हणजे चाक एवढं वर-खाली दबतं. खड्डा लागल्याचं कळतसुद्धा नाही."

"अगदी," होयबा म्हणाले. होयबा म्हणजे उपप्रमुख. या पदाला दुसरं काही काम असल्याचं मोजपट्टीला अजून आढळलं नव्हतं.

"आणि चढावर?" स्टोअरवाले कुरकुरले. "ते धूड ढकलणार कोण? माझं ऐका, मागे शॉकबिक काही नको. पुढच्या चाकाला तेवढा शंभरचा दबणारा फोर्क. भाग कमी, कटकट कमी. शॉक बिघडला की माझ्याच डोक्यावर येऊन बसणार."

"तुमच्या स्टोअरमध्ये काय बिघडलेलं नाही हो?" साहेब म्हणाले.

"तेच सांगतोय. त्यात अजून एक कशाला?"

अर्धा तास असा गेला. मोजपट्टीने उत्तर काढून ठेवलेलं होतं. मागे शॉक नसलेली सायकल तिने एकदा मागून आणून फेरीला नेली होती. मुळांवरून जाताना हाडं खिळखिळी झाली आणि पाठपिशवीतलं मोजमापाचं यंत्र रुसून बसलं. एकशेऐंशीची सायकल उतारावर राणी, पण चढावर म्हैस, आणि फेरीत चढच जास्त. दोन्ही चाकांना शॉक असलेली, एकशेतीस ते दीडशेच्या मधली कुठली तरी हवी. का हवी, तेही तिला सांगता आलं असतं. तिने हात वर केला.

"थांबा हो," साहेब म्हणाले. "शंभर आणि एकशेऐंशी. मधलं काय येतं?"

"एकशेचाळीस, साहेब," होयबा म्हणाले.

"झालं तर मग. कुणाचंच मन मोडायला नको."

मोजपट्टीने हात खाली घेतला. जे उत्तर तिने महिनाभर घासून काढलं होतं, ते या मंडळींनी भांडण मिटवताना सहज काढलं होतं. उत्तर बरोबर आणि रीत अशी, की शाळेत कुणी हे लिहिलं असतं तर गुरुजींनी वही खिडकीबाहेर फेकली असती. तिला आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप.

घरी तिने हे सांगितलं तेव्हा आई भांडी पुसत होती. "मग मिळाली की तुला हवी ती," आई म्हणाली. "आता का तोंड वाकडं?"

"अगं, त्यांना कळलेलंच नाही काही!"

"कळून 'नाही' म्हणाले असते तर बरं वाटलं असतं का तुला?"

मोजपट्टी अंघोळीला गेली.

पण सायकल अजून मिळाली नव्हती. खरेदीच्या कागदावर सही साहेबांची, आणि साहेबांचा बाणा असा की स्वतः पारखल्याशिवाय ते सही करत नसत. जीपसुद्धा त्यांनी अशीच पारखून घेतली होती, म्हणून तिचं मागचं दार आजतागायत लागत नव्हतं. ठरलेल्या दिवशी दुकानवाली सायकल घेऊन डोंगराच्या पायथ्याशी आली. पन्नाशीची बाई, केस आखूड कापलेले, तळवे ग्रीसने कायमचे काळे. तिच्या हातात घड्याळासारखी तबकडी असलेला छोटा पंप होता.

"या शॉकमध्ये स्प्रिंग नाही, हवा आहे," तिने सगळ्यांना समजावलं. "बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे हवा भरायची. कमी भरली तर सायकल बसकण मारते, जास्त भरली तर दगडासारखी होते. आधी कोण बसणार?"

"मीच," साहेब म्हणाले. त्यांनी कमरेचा पट्टा वर ओढला, पण तो पोटाखालच्या आपल्या जागी परत गेला.

"वजन?"

आता, साहेबांना वजन विचारणारी व्यक्ती त्या कचेरीत निर्माण झालेली नव्हती. होयबा एकदम डोंगराकडे बघायला लागले. स्टोअरवाले उगाच खोकले.

"अठ्ठ्याहत्तर," साहेब म्हणाले.

मोजपट्टीने त्यांच्याकडे पायापासून वर नजर फिरवली. अठ्ठ्याहत्तर किलो साहेब होते, यात शंका नव्हती. ते लग्नाच्या फोटोत. दुकानवालीच्या भुवया थोड्या हलल्या. पण गिऱ्हाईक सांगेल ते वजन, असं तिच्या धंद्याचं शहाणपण असावं. तिने तबकडीकडे बघत अठ्ठ्याहत्तर किलोच्या माणसाला लागेल तेवढी हवा भरली, शॉक किती दबला ते दाखवणारं, दांड्यावरचं रबरी कडं खाली सरकवून ठेवलं आणि बाजूला झाली.

साहेब बसले. सायकलीने उसासा टाकला आणि मागच्या बाजूने खाली गेली, म्हातारं जनावर बसतं तशी. कडं दांड्यावर सरकत निम्म्याच्याही पुढे गेलं. जेमतेम तिसरा हिस्सा सरकायला हवं होतं. साहेब थोडं चढले, पॅडल मारताना वर-खाली डोलत, आणि मग उतारावर वळले. पहिल्याच दगडी पायरीवर मागून 'धाड्' आवाज आला. दुसरीवर पुन्हा. तिसरीवर साहेब उतरले. उतरले म्हणजे, सायकल थांबली आणि ते पुढे चालत राहिले.

"पिचकी आहे," ते परत येऊन म्हणाले. कपाळ घामाने चमकत होतं. "तळाला आपटते. एकशेचाळीसमध्ये दम नाही. मी आधीच म्हणत होतो."

"होच मुळी," होयबा म्हणाले.

"राहू द्या ही सायकल. फेरीच बंद करू. जीपने जाऊ आपण."

मोजपट्टीच्या नाकात तळघराचा वास शिरला. ती सायकलजवळ गेली आणि वाकून बघितलं. रबरी कडं दांड्याच्या अगदी टोकाला जाऊन बसलं होतं. सगळं तिथे लिहिल्यासारखं स्पष्ट होतं. सायकलीत दोष नव्हता, शॉकमध्ये नव्हता, हवेत नव्हता. दोष साहेबांनी सांगितलेल्या आकड्यात होता, आणि तो निदान वीस किलोंचा होता. एरवी तिने हे तिथल्या तिथे सांगून टाकलं असतं. एका थर्मामीटरच्या दोन अंशांसाठी तिने आख्खी कचेरी अंगावर घेतली होती. पण थर्मामीटर सही करत नाही.

"साहेब," ती म्हणाली, "पंपाचा काटा अडकतोय बहुतेक. हवा कमी भरली गेली."

"असं होय!" साहेबांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "तरीच! मला बसल्या बसल्याच जाणवलं होतं, काही तरी गडबड आहे."

"माझा पंप?" दुकानवाली म्हणाली. "अहो, परवाच तपासून—" ती थांबली. तिने कड्याकडे बघितलं, साहेबांच्या पोटाकडे बघितलं, आणि शेवटी मोजपट्टीकडे. त्या बघण्यात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. तिने पुन्हा हवा भरली, तबकडी तळव्याने झाकून, साहेबांना परत परत बसवून, कडं योग्य जागी थांबेपर्यंत. साहेब पुन्हा जाऊन आले. सायकल आपटली नाही. साहेबांनी सायकलच्या सीटवर थाप मारली, जशी काही त्यांनीच ती घडवली होती, आणि कागद मागवला.

मोजपट्टीची पाळी आली तेव्हा दुकानवालीने तोच पंप लावून हवा कमी करायला घेतली. "तुझं वजन सांग."

"बावन्न. पाठपिशवी धरून अठ्ठावन्न."

"खरं?"

"खरं."

"आणि काटा?" दुकानवाली हळूच म्हणाली. मोजपट्टीने हेल्मेटचा पट्टा नीट करायला मान खाली घातली.

त्यानंतरचे काही आठवडे ती सुखात होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. चढावर सायकल मांजरासारखी जायची, मुळांवरून जाताना मागचं चाक आपोआप वाट काढायचं, आणि वरच्या खुंट्यांपाशी पोचली तरी ऊन डोक्यावर असायचं. कचेरीत मात्र साहेबांच्या तोंडी एकच गोष्ट होती. येईल त्याला ते सांगायचे: "यंत्रावर विसंबून राहू नये. पंप खोटं बोलत होता, पण माझ्या बुडाला खरं कळलं. विचारा मोजपट्टीबाईंना." आणि मोजपट्टीबाई मान हलवायच्या. पहिल्या वेळी मान जड वाटली. नंतर ती सवयीने हलायला लागली, आणि होयबांच्या मानेशी तिची लय जुळतेय हे लक्षात आलं तेव्हा तिला स्वतःची किळस आली.

मग एका दुपारी ती डोंगरावरून थेट साहेबांच्या खोलीत आली. बुटांना माती तशीच. स्टोअरवाले आणि होयबा चहा घेत बसले होते.

"साहेब, सगळ्यात वरची भेग अकरा मिलिमीटरने वाढलीय. एका आठवड्यात. खालचा रस्ता बंद करावा लागेल."

नियम असा होता, की एवढी वाढ दिसली की दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचं, आणि तीच आली की रस्ता बंद. साहेबांनी कप खाली ठेवला.

"अकरा? काही तरी काय!"

"मी तीनदा मोजलं."

"यंत्र बघितलंत का तुमचं?" साहेब हसले. "त्या पंपासारखं नसेल ना झालं? काटा अडकला असेल. रस्ता बंद केला की वरून फोन येतात हो मला. पुढच्या आठवड्यात बघू."

"अगदी," होयबा म्हणाले. "पंपाचं झालं होतंच की."

मोजपट्टीने तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं, की साहेबांचा हा युक्तिवाद तिनेच आयता बनवून दिलेला आहे. तो मूर्खपणाचा होता, आणि त्याखाली सही तिची होती.

"पंप नीट होता," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"काटा अडकला नव्हता. मी खोटं बोलले. तुमचं वजन अठ्ठ्याहत्तर नाही, साहेब. शंभराच्या आसपास असेल. म्हणून सायकल आपटली."

स्टोअरवाल्यांच्या हातातला चहा बशीत सांडला. होयबांचं तोंड उघडलं, पण हो म्हणावं की नाही हे न ठरल्यामुळे तसंच राहिलं. साहेब आधी पांढरे झाले, मग मानेपासून वर लाल.

"सायकलची किल्ली ठेवा इथे," ते म्हणाले. "उद्यापासून तळघर. फेरी दुसरं कुणी करेल."

तिने खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"ही किल्ली," ती म्हणाली. "आणि वाढ अकरा मिलिमीटर. नियमाप्रमाणे उद्या पुन्हा मोजायचंय. जाणाऱ्याचं वजन दुकानवालीला खरं सांगा, म्हणजे ती हवा बरोबर भरून देईल. कोण जातंय?"

साहेबांनी होयबांकडे बघितलं. होयबांनी स्टोअरवाल्यांकडे. स्टोअरवाल्यांनी स्वतःच्या गुडघ्याकडे बघितलं आणि तो हाताने चोळला. खिडकीतून डोंगराचा उतार दिसत होता, आणि त्याच्या पायथ्याशी रस्त्यावरून एक भाजीची गाडी निवांत चालली होती.

"मी विचारलं, कोण जातंय?" मोजपट्टी म्हणाली, आणि खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली.