दाभोळची भरती

"साहेब, नदी नाही ही! हजारदा सांगितलं, खाडी आहे. खारं पाणी. चाखून बघा पाहिजे तर!"

खैरुद्दीन इंजिनाच्या खडखडाटातून ओरडला. पुढे ट्रंकेवर बसलेल्या हॉल्टन साहेबाने डोळ्यांवरची दुर्बीण न काढताच मान डोलावली आणि मोडक्या हिंदुस्थानीत फर्मावलं, "बहुत अच्छा. थोडा और आगे."

थोडा और आगे! सकाळपासून हेच तुणतुणं. हा गोरा म्हणे मलायाच्या जंगलात चौदा दिवस बोटीने हिंडून आलेला. काठावर माकडं, पाण्यात मगरी, बोटीतच खाणं-झोपणं. आता हा दुबईचा मुलूखही त्याला तसाच बघायचा होता, नदीने. अरे बाबा, इथे औषधालासुद्धा नदी नाही, हे तुला कुणीच कसं सांगितलं नाही? लाँचच्या अरब मालकाने तर नाहीच. उलट खैरुद्दीनच्या पाठीवर थाप मारून तो म्हणाला होता, "हबीबी, दोन तासांत खलास. तुझी स्टीमर चारला. यल्ला, निघ!"

त्यात साहेब ज्या ट्रंकेवर ठाण मांडून बसला होता, ती खैरुद्दीनची. आत लेकीचा, कुबराचा, निकाहात घालायचा जरीचा जोडा. चार वर्षांनी तो घरी निघाला होता. पुढच्या शुक्रवारी असरच्या नमाजानंतर, संध्याकाळी पाचला, दाभोळला तिचा निकाह, आणि आजची स्टीमर चुकली तर पुढची पंधरा दिवसांनी. कुबराने पत्रात साफ लिहिलं होतं, 'अब्बा, तुम्ही समोर असलात तरच मी हो म्हणणार.' बापाच्याच वळणावर गेलेली हट्टी पोर.

"मामू, पाणी कमी वाटतंय," लियाकत म्हणाला. श्रीवर्धनचा हा खलाशी पंधरा वर्षं त्याच्याबरोबर होता.

"कमी कसं असेल? आज चांदाची बारावी. बाराची पाऊणपट नऊ. नऊपर्यंत भरती. आत्ता कुठे आठ वाजलेत."

"मामू, पण हा हिशेब आपल्या—"

"मला शिकवू नकोस!"

लाँच चिखलातल्या अरुंद फाट्यात शिरली. लांब पायांचे गुलाबी पक्षी बघून साहेब लहान पोरासारखा हरखला. आणि तेवढ्यात बुडाखाली काहीतरी घासलं. इंजिन गुरगुरलं, पंख्याने काळा चिखल उडवला, आणि लाँच बसली.

खैरुद्दीनने कपाळावर हात मारला. बाराची पाऊणपट नऊ! कुठली? दाभोळच्या खाडीची! इथलं पाणी चांदाचा तो हिशेब कधीच मानत नाही. वीस वर्षं तो रोज पहाटे धक्क्याच्या भिंतीवरची ओल बघून मगच लाँच सोडायचा. आज भिंतीकडे बघितलंसुद्धा नव्हतं. मन केव्हाच घरी जाऊन बसलं होतं आणि बापाने शिकवलेला हिशेब तेवढा तोंडात आला होता.

"मी चालत जातो," तो म्हणाला. "ट्रंक राहू दे."

त्याने खाली उडी मारली आणि कमरेपर्यंत रुतला. लियाकतने आणि साहेबाने दोर टाकून त्याला ओढून वर घेतलं. एक चप्पल चिखलातच राहिली. मग तो इंजिनाला, साहेबाला, मालकाला आणि मलायातल्या समस्त मगरींना शिव्या घालत बसून राहिला. दुपारनंतर त्याने त्याही बंद केल्या.

चार वाजले. स्टीमर दूर समुद्रात नांगरलेली, भोंगासुद्धा इथवर पोचला नाही. लाँच तरंगली तेव्हा सहा वाजले होते.

साहेब ओशाळून तारघरापर्यंत बरोबर आला. तार त्यानेच इंग्रजीत लिहायला घेतली. 'अपरिहार्य कारणामुळे, अत्यंत खेदपूर्वक' असं काहीबाही तो वाचून दाखवू लागला.

"ते सगळं काढा, साहेब!" खैरुद्दीन खेकसला. "अपरिहार्य काही नव्हतं. माझी चूक. एवढंच लिहा. माझ्या जागी भावाने उभं राहावं. निकाह थांबवू नये." मग तो काउंटरवरून साहेबाच्या कागदाकडे वाकला. "आणि लिहा, कुबरा, हो म्हण."

पुढच्या शुक्रवारी तो खाडीच्या दोन काठांवरच्या देरा आणि बर दुबईच्या मध्ये लाँच हाकत होता. माणसं दाटीवाटीने बसलेली, कोंबड्यांच्या टोपल्या, पिठाची पोती. तिकडचे पाच म्हणजे इथले साडेतीन. साडेतीनला त्याने खाडीच्या मधोमध इंजिन बंद केलं.

"क्या हुआ? डीझल खतम?" कुणी ओरडलं. "यल्ला, यल्ला!" बाकीचे चालू झाले.

"गप बसा जरा!" खैरुद्दीन मराठीतच कडाडला. "माझ्या मुलीचा निकाह चाललाय!"

कुणाला काही कळलं नाही, पण त्याचा आवाज ऐकून सगळे चूप झाले. त्याने चिंधी घेतली आणि एकेका बोटाचं ग्रीस पुसायला लागला. पुसून झालं, तेव्हा ओंजळ उघडून दुव्यासाठी हात वर धरले.

लियाकतने गळ्यातला रुमाल सोडून डोक्याला बांधला आणि पोत्यांवरून वाट काढत त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला.