काटकीच्या पोटातला पाव

काटकीने तिसऱ्यांदा मान वळवून स्वतःच्या कुशीकडे पाहिलं, तेव्हाच मी ओळखलं. घोडं कुशीकडे बघतं ते पोटात दुखतं म्हणून, एवढं मला कळतं. आमच्या बेकरीचा पाव गाडीतून घरोघर जायचा, तेव्हा सासऱ्यांचा घोडा मीच सांभाळलाय. मोटार आली, घोडा गेला, मागच्या अंगणातला तबेला तेवढा उरला. त्यात आता सूनबाईने ही घोडी आणून बांधली.

आणली म्हणजे काय, अजून आमची नव्हतीच. कुणीतरी कोंडून वाऱ्यावर टाकलेलं जनावर, प्राण्यांच्या संस्थेच्या लोकांनी सोडवलेलं. महिनाभर सांभाळून दाखवा, मग कागद तुमच्या नावावर, असं त्यांचं म्हणणं. फासळ्या लांबून मोजाव्यात अशी, म्हणून मी नाव ठेवलं काटकी. तो महिना आज संपत होता आणि संस्थेचा माणूस दहा वाजता येणार होता.

वाळलं गवत, थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा, दुसरं काही नाही, असा संस्थेचा हुकूम. मी सूनबाईला म्हटलं होतं, "अगं, पोसायला आणलीस की उपास घडवायला?"

"आई, उपाशी जनावराला एकदम खाऊ घातलं तर ते मरतं."

"मला नको शिकवूस. तुझा नवरा मीच वाढवलाय. बघ, दारात मावत नाही."

तर आज सात वाजता सूनबाई दुकानात गेल्यावर मी कालचे उरलेले पाव कोमट पाण्यात भिजवले आणि बादलीभर तिच्यापुढे ठेवले. सासऱ्यांचा घोडा शिळ्या पावावर वीस वर्षं जगला. आमच्या दारातून कुणी उपाशी गेलं नाही, आणि ही त्या माणसापुढे फासळ्या दाखवत उभी राहणार? काटकीने बादली चाटूनपुसून लख्ख केली. मला धन्य वाटलं.

नऊच्या आत घोडी घामाने निथळली. खुराने जमीन उकरायची, मध्येच लोळायला बसू बघायची. दुकानातून धावत आलेल्या सूनबाईने जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला आणि दोर धरून तिला अंगणात फिरवत राहिली. "बसू नकोस गं बाई, चल, चल." मी मूग गिळून भिंतीला उभी.

डॉक्टरीणबाई आल्या, पाठोपाठ संस्थेचा माणूस फाईल घेऊन. बाईंनी कानातली नळी पोटाला लावून दोन्हीकडून ऐकलं. "आत काहीच आवाज नाही. काय खाल्लं हिने?"

"गवतच," सूनबाई म्हणाली. "प्रत्येक वेळ वहीत लिहिलीय."

"नुसत्या गवतावर एवढं झालं असेल, तर आतड्याला पीळ पडला असणार. ऑपरेशन हिच्या अंगाला झेपायचं नाही." बाईंनी नळी गळ्यात अडकवली. "मग फार तळमळत ठेवू नये."

संस्थेच्या माणसाने चष्मा पुसला. "गवताला बुरशी वगैरे नव्हती ना? तपासत होता ना तुम्ही?"

महिनाभर सूनबाई स्वतःचं जेवण विसरली, पण घोडीची एक वेळ तिने चुकवली नाही. आणि ती म्हणाली, "माझंच काहीतरी चुकलं असेल."

बोलले तर संस्था घोडी परत नेणार. नाही बोलले तर ती मरणार. उभ्या जन्मात मी नवऱ्यालासुद्धा 'माझं चुकलं' म्हटलं नाही, नेहमी त्याचंच चुकायचं. बाईंनी बॅग उघडून कायमचं झोपवायची सुई काढली.

"पाव," मी म्हणाले.

"काय?"

"बादलीभर पाव. भिजवून. सात वाजता. मी घातला."

सूनबाईने माझ्याकडे पाहिलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

"आजी, हे आधी नाही सांगायचं?" बाई ओरडल्या. "घोड्याला उलटी होत नाही. पोट फुटायच्या आत रिकामं करायला हवं. कोमट पाणी आणा, पळा!"

पळाले. गुडघे दुखतात हे पुढे आठवलं. बाईंनी तिच्या नाकातून पोटात नळी घातली. पाणी ओतायचं, नळी खाली धरायची, की आंबलेला लगदा बदाबदा बाहेर. ज्या वासावर आमच्या तीन पिढ्या जगल्या, त्याच वासाने मी नाकाला पदर लावला. बादल्या भरत होत्या, मी ओतून येत होते.

"आता लीद पडेपर्यंत काही खरं नाही," बाई म्हणाल्या.

मग काय, चार शहाणीसुरती माणसं घोडीच्या शेपटीकडे टक लावून बसली. भट्टीवरून लेक दर पाच मिनिटांनी विचारायचा, "पडली का?" पुढे दुकानात गिऱ्हाईकं खोळंबलेली. त्यांना वाटलं, भिंतच पडतेय.

एक वाजून गेल्यावर शेपटी उचलली. "पडली!" लेक असा ओरडला, स्वतःला मुलगी झाली तेव्हाही तसा ओरडला नव्हता.

संस्थेच्या माणसाने फाईल मिटली. "आज सही नाही. महिना पुन्हा पहिल्यापासून. आणि चारा एकाच माणसाच्या हातात." त्याने सूनबाईकडे बोट केलं. "आजी, राग येईल तुम्हाला."

"येऊ दे आला तर. तुम्ही लिहा."

संध्याकाळी सूनबाई तबेल्यात घोडीचं अंग पुसत होती. माझ्याच अंगणातल्या माझ्याच तबेल्याच्या उंबऱ्याशी मी थांबले. "आत येऊ का गं?"

तिने वळून पाहिलं. डोळे सुजलेलेच होते. "हात दाखवा."

मी दोन्ही हात पुढे केले, उलटे, सुलटे.

"या," ती म्हणाली.